मेश्राम आणि लोकांच्या भिंती

मेश्राम कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. तळहात नाही, हाताची मागची बाजू. ताप बघताना आई कपाळाला लावते तशी. मग वाकून कपाटामागे बघतात आणि यजमानाकडे वळून विचारतात, "पाणी कुठून येऊन राहिलं?" नमस्कार, कसे आहात, मुलं काय करतात, हे सगळं त्यानंतर.

धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहायला आले, तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारायला आमच्याकडे आले होते. मी वेळ सांगेपर्यंत त्यांची नजर स्वयंपाकघरात पोचली होती.

"ताई, फ्रिज थोडा पुढे घेता का?"

मी शनिवार पेठेत जन्मलेली बाई. अनोळखी माणसाने फ्रिज पुढे घ्यायला सांगितल्यावर काय बोलायचं हे मला कुणी शिकवावं लागत नाही. "का, त्याला फिरायला न्यायचंय?" मी म्हटलं.

"नाही जी," मेश्राम शांतपणे म्हणाले. "मागं बुरशी आहे."

होती. चांगली ताटाएवढी, काळपट हिरवी. मी रोज त्या फ्रिजमधून दूध काढत होते आणि मला सकाळी शिंका येतात त्याचं खापर सिंहगड रोडच्या धुळीवर फोडत होते.

मेश्राम मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले ते औषधाच्या गोळ्या करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. गोळ्या जिथे बनतात त्या खोलीतली हवा तपासायचं त्यांचं काम होतं. पांढरा अंगरखा, टोपी, बुटांवर पिशव्या असा जामानिमा करून आत जायचं आणि हवेत काही उडतंय का ते बघायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरात बसले. मग लोकांच्या घरातली हवा आणि बुरशी तपासून द्यायचा स्वतःचा व्यवसाय काढला. पाटी लावली नाही. "पाटी लावली की लोक एसी दुरुस्त करायला बोलावतात," हे त्यांचं म्हणणं.

त्यांच्या पिशवीत एक टॉर्च, भिंतीत टोचायच्या दोन सुयांचं ओल मोजणारं यंत्र, हवा ओढणारा छोटा पंप आणि जेलीचा थर दिलेल्या काचेच्या बशा असतात. पंखे बंद करून त्या बशा खोलीत उघड्या ठेवायच्या. हवेत जे काही तरंगत असेल ते त्यावर पडतं. बशा प्रयोगशाळेत गेल्या की काही दिवसांनी त्यावर ठिपके उगवतात. बशा उघड्या असताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. एका घरी आजोबांना वाटलं, हा काहीतरी शांतीचा विधी चाललाय. ते सोवळं नेसून येऊन बसले. मेश्रामांनी त्यांना उठवलं नाही. "गप्प बसून राहिले होते जी," ते मला म्हणाले. "बाकीच्यांपेक्षा बरे."

बुरशी हा शब्द गिऱ्हाईकांना आवडतो, मेश्रामांना आवडत नाही. "बुरशी पाहुणी आहे. ओल यजमान आहे. पाहुणीला फडक्यानं पुसून काय उपयोग? यजमान घरातच बसून आहे." हे वाक्य ते प्रत्येक घरात म्हणतात. स्वतःच्या घरात तर त्यांनी भिंतीवरच्या प्रत्येक चौकटीमागे खोडरबराचे तुकडे चिकटवलेत, मागून हवा खेळावी म्हणून. बाबासाहेबांची तसबीरही भिंतीपासून बोटभर पुढे आहे. अगरबत्तीशी त्यांचं वैर आहे आणि त्यात त्यांनी पक्षपात केलेला नाही. सोसायटीच्या गणपतीत त्यांनी धुपाला हरकत घेतली म्हणून लोक चिडले, तेव्हा कळलं की त्याआधी बुद्धपौर्णिमेला ते विहारातही याच कारणावरून भांडून आले होते.

एकदा आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेले म्हणून आम्ही शनिवार पेठेत भेटायला गेलो. लोक माना खाली घालून बसलेले. मेश्राम हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले आणि जोडलेले हात सोडताना एक हात हळूच फोटोशेजारच्या भिंतीला लावला. मला कळलं आता काय होणार. मी त्यांचा शर्ट ओढला.

"वरच्या मजल्यावर इथंच बाथरूम आहे का?" त्यांनी गेलेल्या गृहस्थांच्या मुलाला विचारलं.

मुलगा गोंधळून हो म्हणाला. नंतर कळलं की तेराव्याला घरात गुरुजी आणि प्लंबर दोघेही होते.

मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं, म्हणून मेश्राम त्यांचे अहवाल मला वाचायला देतात. ते मूळचे असे असतात: "आपल्या घरात ओल आहे. आपण ती रंगानं झाकली आहे. हे योग्य नाही." मी त्याचं "रंगकामापूर्वी गळतीचा शोध घेणे इष्ट ठरेल" असं करते. मेश्राम माझं वाक्य वाचतात, मान हलवतात आणि त्याखाली पुन्हा लिहितात, "म्हणजे आपण ती झाकली आहे." त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यामुळे हळूहळू मी त्यांना स्कूटरवर सोडायलाही लागले. मागे ते पिशवी पोटाशी धरून बसतात आणि सिग्नलला थांबलं की आजूबाजूच्या इमारतींवरचे पाण्याचे ओघळ मोजतात.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांना यवतमाळहून एका बापाचा फोन आला. त्यांची मुलगी सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. नाव काजल. तिचा खोकला जात नव्हता. औषधं झाली, क्ष-किरण झाले. आता वडील तिला परत बोलावत होते आणि ती परीक्षा टाकून यायला तयार नव्हती.

आम्ही गेलो. तळमजल्यावरची खोली, एक खाट, पुस्तकांचे ढीग, आणि भिंतभर एक लाकडी कपाट. काजल खाटेवर बसली होती. बोलताना मध्येच थांबून खोकायची आणि "सॉरी" म्हणायची. मेश्रामांनी कपाटाच्या कडेला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"हे कपाट हलवावं लागेल."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पदर खोचलेला. "ते कपाट आमच्या सासऱ्यांनी भिंतीला ठोकून घेतलंय. ते हललं नाही, आम्हीही हललो नाही. आपण कुठून आलात?"

"धायरीहून."

"मग उजेडात परत निघा. रस्ता खराब आहे."

"बाई, मागं ओल आहे."

"ती केस ओले ठेवून झोपते. मी स्वतः पाहिलंय. खोकला केसांचा आहे." एवढं बोलून त्या स्वतःच खोकल्या आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

मेश्रामांचा नेहमीचा स्वभाव असा, की गिऱ्हाईकाने नाही म्हटलं की ते पिशवी आवरतात. "भिंत त्यांची, फुफ्फुसं त्यांची." त्या दिवशी त्यांनी पिशवी आवरली नाही. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "तुम्ही जा ताई. मी बसून आहे." सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मला वाटलं साखर कमी झाली असेल, म्हणून मी कोपऱ्यावरून चहा आणला. त्यांनी तो घेतला, पण प्यायला नाही.

बऱ्याच वेळाने मालकीणबाई बाहेर आल्या. "अजून इथेच?"

"तुमची झोपायची खोली कुठली आहे?" मेश्रामांनी विचारलं.

"आपल्याला काय करायचंय?"

"या खोलीच्या पलीकडे आहे. बरोबर? आणि खाट याच भिंतीला लागून आहे."

बाईंनी वळून आत बघितलं.

"तुम्ही कधीपासून खोकून राहिल्या?"

"माझं वय झालंय. वय झाल्यावर माणूस खोकतो."

"एकदा बघू द्या. मग मी जातो."

त्या आत वळल्या आणि दार उघडंच ठेवलं. त्यांच्या खाटेमागे भिंतीवर जुनी चटई टांगलेली होती. मेश्रामांनी ती उचलली. खालची भिंत जमिनीपासून खाटेच्या उंचीपर्यंत काळी झाली होती. सुयांचं यंत्र टोचल्याबरोबर शिट्टी वाजवायला लागलं. बाईंनी स्वतः पुढे होऊन भिंतीला हात लावला. मेश्राम लावतात तसाच, मागच्या बाजूने.

"मला वाटायचं पावसामुळे गार लागतं," त्या म्हणाल्या. मग हात पदराला पुसत, "मला वाटायचं पोरगी नाटक करते. रात्री मी खोकले की ती खोकायची. वाटायचं मुद्दाम करते."

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कपाट काढलं. मागे गच्चीवरून उतरणारा पाण्याचा जुना पाइप भिंतीच्या आत फुटलेला निघाला. दुरुस्ती होईस्तोवर बाईंनी काजलला माडीवरच्या स्वतःच्या बैठकीत झोपायला घेतलं आणि स्वतःही तिथेच गादी टाकली. काजल म्हणते, बाई पहाटे तिला अभ्यासाला उठवतात आणि उठली नाही तर टोमणे मारतात. भिंत वाळायला बरेच आठवडे गेले. मग दोघींचा खोकला कमी झाला. काजल परत गेली नाही.

कपाट निघालं त्या दिवशी परत येताना मेश्रामांनी मला उसाच्या रसाच्या दुकानापाशी थांबवलं. दोन ग्लास सांगितले आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"आम्ही शनिवार पेठेत भाड्यानं राहत होतो. तळमजला. माझी प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती. ती अशीच खोकायची. मी दिवसभर कारखान्यात गोळ्यांना स्वच्छ हवा देऊन राहिलो होतो, आणि घरी आल्यावर तिला म्हणायचो, पाणी गरम करून पी. ट्रंकांची चळत होती भिंतीला. मी कधी हलवून पाहिली नाही. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. म्हणून बायको तिला घेऊन वर्ध्याला गेली, तिच्या आईकडे. महिनाभरासाठी."

"मग?"

"पोरगी बरी झाली. परत आणायची माझी हिंमत झाली नाही. तिथं शाळेत घातली. बायकोला तिथंच शिक्षिकेची नोकरी लागली. मी सुट्टीत जायचो. पोरगी मला अहो म्हणायची." त्यांनी ग्लासातला बर्फ काढून खाली टाकला. "भांडण कधीच झालं नाही आमचं. राहून गेलं सगळं."

रस संपवून आम्ही निघालो. घरी आल्यावर ते म्हणाले, "अहवालात 'इष्ट ठरेल' लिहू नका. सरळ लिहा."

या हिवाळ्यात प्रज्ञाचं पुण्यात प्रशिक्षण निघालं. ती सरकारी खात्यात अधिकारी आहे. यापूर्वी कामासाठी आली की ती खात्याच्या विश्रामगृहात उतरायची आणि संध्याकाळी तासभर वडिलांना भेटून जायची. या वेळी ती आपल्या मुलीला घेऊन आली, आईलाही आणलं, आणि सगळं सामान थेट धायरीला उतरवलं. असं का ठरवलं ते मी विचारलं नाही. मेश्रामांनीही विचारलं नसावं. तीन दिवस आधीपासून ते फ्लॅट पुसत होते.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मेश्रामवहिनींनी वडाभात केला होता. समोरच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. नातीला सर्दी होती म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. कुकरची वाफ, फोडणीचा वास, नात आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा काढत होती आणि घालत होती. वहिनी वर्ध्याच्या शाळेतल्या कुठल्याशा शिपायाची गोष्ट सांगत होत्या आणि मेश्राम हसत होते. मी त्यांना आवाज काढून हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

टीव्हीशेजारी एक छोटंसं पांढरं यंत्र ठेवलेलं होतं. ते माणसांच्या श्वासानं कोंदलेली हवा मोजतं. त्यावर हिरवा दिवा असतो. मेश्राम म्हणतात की त्यांच्या घरात तो कधी बदललेला नाही. एकट्या माणसाचा श्वास तो किती असणार.

जेवण अर्धं झालं असेल, तेव्हा यंत्र टीं टीं करायला लागलं. दिवा लाल झाला होता.

"बाबा, हे काय झालं?" प्रज्ञानं विचारलं.

मी सवयीनं खिडकी उघडायला उठले.

"असू द्या ताई. बसा," मेश्राम म्हणाले. त्यांनी नातीला अलगद बाजूला केलं, उठले, यंत्राच्या मागची वायर काढली आणि परत येऊन तिला मांडीवर घेतलं. मग बायकोला म्हणाले, "हं, तो शिपाई मग काय म्हणाला?"