तायडे साहेबांची न उघडणारी फाईल

आमच्या कॉलेजातल्या तायडे साहेबांना फोन लावला की दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "बोल." दुसरं, "ठेव आता, कामात हाओ." तुमचं जे काही सुखदुःख असेल ते या दोहोंच्या मधल्या फटीत बसवायचं. एकदा मी घाईघाईनं सांगितलं, "साहेब, तुमच्या खोलीतल्या एसीतून धूर निघून रायला!" तर तिकडून तेच. एसी जळाला. साहेब तिसऱ्या माळ्यावर कामातच राहिले.

हे काम काय ते सांगतो, नाहीतर त्याचा फोलपणा तुम्हाला कळणार नाही. इंटरनेटवरून काहीही अख्खं जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता चिकटतो आणि पलीकडे ते पुन्हा जोडले जातात. या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. तायडे साहेब आमचे नेटवर्कवाले. नेट अडलं की तारेतून जाणारी पॅकेटं एका फाईलमध्ये पकडायची आणि बिघाड शोधायचा, याचा त्यांना पगार आहे. पकडायला ते एका पायावर तयार, शोधायला मात्र सवड नाही. कारण एका सॉफ्टवेअरची फाईल दुसऱ्यात उघडत नाही. म्हणून साहेब आधी ती या साच्यातून त्या साच्यात घालणार, मग तिसऱ्यात. तोवर नेट आपोआप सुरू होतं, आणि त्याचं श्रेयही साहेबच घेतात.

"पण कावून करता एवढं?" मी एकदा विचारलं.

"आज उघडते बाप्पा. उद्या उघडन का?"

जुन्या फाईलीही साहेब असेच साचे बदलत जपून ठेवतात. होस्टेलच्या पोरांनी दहा वर्षांपूर्वी काय पाहिलं, ते उद्या उघडलं नाही तर अमरावतीचं काय अडणार आहे? पण हे विचारायची सोय नाही. साहेब भाच्याच्या लग्नाला अचलपूरला गेले, तिथंही मंडपात मांडीवर लॅपटॉप. पंगत बसली, रोडगे आले, वांग्याची भाजी आली, आग्रह करणारे थकले. साहेबांचं आपलं एकच, "ब्याण्णव टक्के झालं, थांबा ना!" नवरदेव पाया पडायला वाकला तर त्याच्या हातात चार्जरची वायर दिली, "लाव तिकडं." मी हे रंगवून सांगतो असं साहेबांचं म्हणणं. रंगवलंय, पण थोडंच.

एक फाईल मात्र या माणसाला पुरून उरली होती. अठरा वर्षांपूर्वीची. जिच्या सॉफ्टवेअरनं ती पकडली ती कंपनी केव्हाच बुडाली, आणि तिचा साचा कोणालाच ठाऊक नाही. साहेब चार वर्षं तिच्या मागे हात धुऊन लागले होते. आकड्यांच्या रांगा कागदावर छापायचे आणि लाल पेनानं गोल करत बसायचे. इथं वेळ लिहिलीय, इथं पत्ता. आत काय आहे विचारलं की म्हणायचे, "चाचणी." तायड्याच्या फाईलीत गुप्तधन आहे, असं मी स्टाफरूममध्ये सांगत फिरलो. लोक खदखदून हसले. मला आता त्याची लाज वाटते.

गेल्या मार्चात एका दुपारी साहेबांनी स्वतःहून मला फोन केला. "ये," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी गेलो तर टेबलभर कागद आणि साहेब उभे. "उघडली," ते म्हणाले. "नव्या साच्यात आली."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी आमच्या अमरावतीच्या आणि अकोल्याच्या कॉलेजात इंटरनेटवरून चालणारे फोन नवेच बसवले होते. अकोल्याच्या लायब्ररीत मीनावहिनी नोकरीला होत्या, साहेबांच्या पत्नी. चाचणी म्हणून साहेबांनी त्यांचा एक फोन पॅकेटांसकट पकडून ठेवला. वहिनींना जाऊन पाच वर्षं झाली. घरात फोटो आहेत, पण आवाज कुठंच नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसता बँड वाजतो.

"एकट्यानं आयकवत नाई मले," साहेब म्हणाले. "तू बैस."

त्यांनी पॅकेटं जोडून आवाज लावला. पंख्याची घरघर. मग साहेबांचाच आवाज, तरणा. "बोल." घरघर. "हं." घरघर. "कावून?" खूप वेळ घरघर. "पाहू ना मंग." पुन्हा घरघर. "ठेव आता, कामात हाओ."

संपलं.

साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच. मग त्यांनी कपाळावर हात मारला. तारेतलं जाणारं वेगळं पकडावं लागतं आणि येणारं वेगळं. त्या दिवशी आपला आवाज तिकडं नीट जातो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. म्हणून त्यांनी जाणारं तेवढं पकडलं.

"काय सांगून रायली असन रे ते?" त्यांनी मला विचारलं. मला! "मले काईच आठवत नाई."

काहीतरी कामाचं बोलावं म्हणून मी म्हटलं, "साहेब, फाईल लहान करून देऊ का? मधलं रिकामं कापून टाकतो."

"हात लावू नको!" साहेब ओरडले. मग हळूच म्हणाले, "रिकामं नाई ते, भाऊ. तिथं मीना बोलून रायली."

मी खुर्ची ओढून बसलो. साहेबांनी फाईल पहिल्यापासून लावली. दरवेळी घरघर सुरू झाली की ते थोडे पुढे वाकून ऐकत होते.