बारकीची पहिली खळ

"बारके, आज खळ तू लावायचीस," आत्या म्हणाली आणि बारकीने बाह्या सारल्या. दोन वर्षं नुसती बटणं शिवत ती याच वाक्याची वाट बघत होती. पण आत्याने लगेच शेपूट जोडलं, "एक डाग पडला ना, तर जन्मभर बटणं शिवत बसशील!"

काम ऐकायला सोपं होतं. तांदळाच्या पिठाची चिकट खळ कापडावर जिथे लावाल, तिथे रंग शिरत नाही. मग कापड निळीच्या पिंपात बुडवायचं, धुवायचं, की खळीखालची नक्षी पांढरीशुभ्र उमटते. भीती एवढीच, की चूकही तितकीच पांढरीशुभ्र उमटते.

बारकीने श्वास रोखून नक्षीची एकवीस पानं काढली. बाविसाव्याला श्वास संपला, सटकन शिंक आली आणि खळीने बरबटलेला हात कापडाच्या बरोब्बर मधोमध टेकला. पाच बोटं, एक तळवा. काही म्हणता काही सुटलं नाही.

"मेले!"

तिने घाईघाईने ओलं फडकं फिरवलं. पंजा गेला आणि तिथे ताटाएवढा राडा झाला. वाळला तर खरवडता तरी येईल, म्हणून तिने घरात धाव घेऊन इस्त्री आणली आणि तापवून वर टेकवली. चर्र झालं, वाफ निघाली. खळ वाळली की नाही देव जाणे, पण इस्त्री काही उठेना! ओढून झालं, हिसडून झालं. "ऊठ ना गं बाई," म्हणून हात जोडून झाले. प्लग काढून गार होऊ दिली, तर ती आणखीच ठाण मांडून बसली.

एवढ्यात दार करकरलं आणि आत्या आत आली. आत्याला बघून गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता बदलत. बारकीने वायरीसकट इस्त्री कापडाच्या घडीत गुंडाळली.

"वाळलं का गं?"

"हो... म्हणजे, काही ठिकाणी जरा जास्तच."

"मग सोड पिंपात. भूत बघितल्यासारखी उभी काय राहिलीस?"

बारकीने डोळे मिटून सोडलं. डुबुक!

"कापडाचा असा आवाज कधीपासून यायला लागला?" आत्याने कोपरापर्यंत हात घालून ओढलं. आधी कापड आलं, मग इस्त्री, मागोमाग तिची सुती वेष्टणाची वायर, एरवी पांढरी, आता पोपटी. नीळ हवा लागली की खुलते, तशी ती वायर दोघींच्या डोळ्यांदेखत गर्द निळी झाली.

बारकीला डोळ्यांपुढे बटणंच बटणं दिसायला लागली.

"बारके," आत्याचा आवाज एकदम बसका झाला. "इस्त्री कुणाची?"

"आईची."

आत्या मटकन स्टुलावर बसली. "वहिनीची? अगं, मागे तिची कात्री मी नुसती कागदाला लावली, तर आठ दिवस बोलली नाही. आणि नवव्या दिवशी बोलली, ते त्याहून वाईट होतं!"

तेवढ्यात आतून हाक आली, "माझी इस्त्री कुणी बघितली का?"

आत्याने दोन्ही हातांनी इस्त्री पुन्हा पिंपात दाबली. "नाही हो, वहिनी!" इतकं गोड बोलताना तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मग ती बारकीच्या कानात कुजबुजली, "कापडाचं मी निस्तरते. उद्यापासून खळ तूच लावायचीस. पण तोंडातून एक अक्षर काढलंस तर..."

उंबऱ्यावर सावली पडली. आत्याने बारकीचा हात गच्च धरला. आणि ती चक्क बारकीच्या पाठीमागे लपली.