नजलाची हिरवी पूड

पूड पुन्हा हिरवीच उजळली. नजलाने अतिनील दिवा बंद केला, डोळे चोळले आणि परत लावला. हिरवी ती हिरवीच.

तिला हवा होता नारिंगी उजेड. झिंक सल्फाइडमध्ये चिमूटभर मँगनीज घालून ते भट्टीत भाजलं की या दिव्याखाली नारिंगी उजळतं, आणि त्याच नारिंगीवर तिचा सगळा प्रबंध उभा होता. गुरुवारी ट्युनिसहून परीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर हिरवं निघालं, तर प्रबंध वर्षभर तरी लटकणार होता. असा हिरवा उजेड पडतो तो पुडीत तांबं मिसळलं की, आणि नजलाने तांब्याला हातही लावला नव्हता.

सफाक्सच्या त्या प्रयोगशाळेत आनंद झाला होता तो फक्त तिच्या मार्गदर्शकांना, सी हाश्मींना; 'सी' म्हणजे तिकडचं 'साहेब'. त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत एका हिरव्या उजळणाऱ्या पुडीचा फोटो होता. तांब्याशिवायही हिरवा उजेड मिळतो, असं त्यांनी तरुणपणी आपल्या प्रबंधात ठणकावून मांडलं होतं. पुढे तो दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही, त्यामुळे लोक त्या फोटोसमोर अदबीने विषय बदलत.

"आलीस ना शेवटी माझ्याच वाटेवर? आता नारिंगीचा नाद सोड," ते म्हणाले.

"नाही सोडणार, सी हाश्मी. कुठून तरी तांबं शिरतंय. हुडकून काढते की नाही बघा."

नजला एकदा हट्टाला पेटली की तिला आवरणं कठीण. तिने जस्ताची बाटली बदलली, नवी मूस आणली, भट्टी आतून पुसून काढली. पूड हिरवीच. राहता राहिलं कुटणं. प्रयोगशाळेतला अकीक दगडाचा खल कुणीतरी पाडून फोडला होता आणि नवा बंदरावर जकातीत अडकला होता, म्हणून ती घरच्या खलबत्त्यात कुटत होती. आता घरोघरी असणाऱ्या खलबत्त्यावर कोण संशय घेणार? फार तर धणे-शहाजिऱ्याचा वास राहिला असेल, म्हणून तिने तो लिंबू-मीठ लावून घासला. पूड जास्तच हिरवी झाली. मग तिने व्हिनेगर ओतून घासला. त्यावर पुडीने असा काही उजेड पाडला, की सी हाश्मी फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकायला निघाले.

मंगळवारी ती पुन्हा लिंबं कापायला बसली, तेव्हा तिची आई शादलिया कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आता पुरे कर, पोरी. माझ्या लग्नातला खल आहे तो. वरची वेलबुट्टी पार गेली. सगळं पितळ त्या तुझ्या पुडीत घातलंस, आता मी मसाला काय डोक्यात कुटू?"

लिंबू नजलाच्या हातातच राहिलं. पितळ म्हणजे जस्त आणि तांबं, हे तिने शाळेत पहिल्या बाकावरून हात वर करकरून सांगितलं होतं. पण आईचा खल हा आईचा खल. तो कशाचा आहे हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आंबट लावून ती रोज तांबं मोकळं करत होती आणि स्वतःच्याच हाताने पुडीत कुटत होती. तिला लाज वाटली आणि हसूही आलं. तिने आईला अशी मिठी मारली, की आईला वाटलं पोरगी पास झाली.

सी हाश्मी आता तासभर ऐकवणार, अशी तयारी करूनच तिने त्यांना सगळं सांगितलं. पण त्यांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं.

"लिंबू लावायचीस?"

"हो. आणि मीठ."

"माझी आईही मीठच लावायची," ते हळूच म्हणाले. "तेव्हा इथे खल होताच कुठे? मीही घरचाच आणायचो."

मग उठून त्यांनी आपलं कपाट उघडलं आणि फायलींच्या मागून फडक्यात गुंडाळलेला एक कोरा अकीकाचा खल काढला. विद्यार्थी फोडतील या भीतीने त्यांनी तो इतकी वर्षं लपवून ठेवला होता. "जा, कूट," एवढंच म्हणाले.

गुरुवारी पूड पिकल्या संत्र्यासारखी उजळली. परीक्षक बाई खूश झाल्या, नजलाचा जीव भांड्यात पडला. निघता निघता बाईंची नजर चौकटीवर गेली.

"आणि हे हिरवं, सी हाश्मी? यात खरंच तांबं नाही?"

नजलाने मान खाली घातली. सी हाश्मींनी टाय सरळ केला.

"आहे," ते म्हणाले. "ते माझ्या आईचं काम."