श्वास घेणारी गाडी

डॉक्टरीणबाईंची गाडी सकाळी उड्या मारायची आणि दुपारी फतकल मारून बसायची. असं का होतं, ते त्यांना काही केल्या कळेना.

गाडी घेतली तीच कामासाठी. बाई जनावरांच्या डॉक्टर, आणि गाई-म्हशी काही नंबर लावून दवाखान्यात येत नाहीत. म्हणून त्यांनी चारही चाकांना जोर असलेलं जुनं, अवजड धूड विकत घेतलं. आधीच्या मालकाने धडकेत चेपलेलं दार बदललं होतं, आणि चाकांत हवा किती भरायची ती दारावर चिकटवलेली चिठ्ठी त्या जुन्या दाराबरोबर भंगारात गेली होती. इथूनच सगळं सुरू झालं.

"पंचेचाळीस," सासरे म्हणाले. त्यांची हयात ट्रक चालवण्यात गेली होती. "जड गाडी आहे. हवा कमी पडली की टायर तापतो आणि फुटतो."

"अठ्ठावीस," नवरा म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेला वेळ मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. "जड गाडीलाच पकड लागते, बाबा. मी वाचलंय."

"तू वाचलंयस, मी चालवलंय."

"पस्तीस ठेवू या का?" बाईंनी विचारलं. बापलेकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाई मुकाट्याने चहा टाकायला उठल्या.

त्यानंतर वाद थांबला. बाईंना वाटलं, सुटले. पण गाडी मात्र बिघडली. सकाळी खड्ड्यात चाक गेलं की डोकं टपाला आपटायचं, औषधांच्या बाटल्या खणखणायच्या. दुपारी तीच गाडी वळणावर भरल्या पोटाच्या म्हशीसारखी डुलायची. पंक्चरवाल्याने चारही चाकं काढून पाण्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा निघाला नाही.

"मॅडम," तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमची गाडी श्वास घेते."

बाईंचा हात क्षणभर गळ्यातल्या तपासायच्या नळीकडे गेला.

रविवारी नदीपलीकडच्या मळ्यातून फोन आला. "डॉक्टर, लवकर या हो! गाय पहाटेपासून अडलीय. वासराचा एकच पाय दिसतोय." फोन मळ्याच्या मालकाचा होता. ती गाय त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, बाईंना ठाऊक होतं. त्या पिशवी उचलून धावल्या, तर गाडीत बापलेक आधीच बसलेले.

"वाळू आहे तिकडे. तुला एकटीला जमायचं नाही," सासरे म्हणाले. नवऱ्यानेही मान डोलावली. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

नदीचं पात्र कोरडं होतं. निम्म्यात गेल्यावर चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली.

"पंचेचाळीस हवा असल्यावर दुसरं काय होणार?" नवरा ओरडला.

"पंचेचाळीस आहे हे तुला काय माहीत?"

"रोज दुपारी हिला दवाखान्यात डबा द्यायला गेलो की मीच कमी करतो ना!"

"अस्सं! म्हणजे मी रोज सकाळी फिरायला जायच्या आधी भरतो, ती तू सोडतोस?"

 बाई आरशातून दोघांकडे बघत होत्या.

"उतरा," त्या म्हणाल्या. "दोघंही."

रागवायला वेळ नव्हता. बाईंनी पिशवीतून चिमटा काढला आणि एकेका चाकापाशी बसून हवा सोडायला सुरुवात केली. सासरे "अगं, टायरची वाट लागेल" म्हणाले, नवरा "अठ्ठावीसवर थांब" म्हणाला. टायर पसरट होऊन वाळूवर नीट टेकेपर्यंत बाई थांबल्या नाहीत. मग बापलेकांनी चाकांपुढची वाळू हातांनी उपसली, बाईंनी हलकेच गिअर टाकला, आणि धूड हेलकावे खात बाहेर आलं.

गोठ्यात गाय आडवी पडली होती. वासराचा दुसरा पाय आत दुमडलेला. बाई कोपरापर्यंत हात घालून तो सोडवत होत्या, मालक गाईच्या कपाळाला कपाळ लावून बसला होता. शेवटी दोन्ही खूर दिसले. बाईंनी दोर बांधला आणि त्याचं टोक बापलेकांच्या हाती दिलं.

"कळ आली की ओढा. मी थांबा म्हटलं की थांबा. एकमेकांना काही शिकवू नका."

दोघांनी मिळून ओढलं. वासरू बाहेर आलं आणि निपचित पडलं.

"बाबा, काडी! वासराच्या नाकात घाला!" बाई ओरडल्या.

जन्मभर लोकांच्या कामात काड्या घालणाऱ्या सासऱ्यांनी ही काडी मात्र अलगद घातली. वासरू शिंकलं. मग मान हलवून हंबरलं. मालक खाली बसून रडू लागला, गाय वासराला चाटू लागली आणि बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. नवरा म्हणाला, "झालं ना? जिवंत आहे ना?" हा प्रश्न त्याने तीनदा विचारला.

परतताना डांबरी रस्ता लागायच्या आत बाईंनी सीटखाली सापडलेला सासऱ्यांचा छोटा पंप लावून चाकं भरली. दोघांना आकडा दिसू नये म्हणून मीटर तळव्याने झाकलं होतं. गाडी निघाली. उडी नाही, डुलणं नाही. लोण्यावरून चालल्यासारखी.

 मागे बसलेल्या दोघांनाही राहवेना.

"किती भरलीस गं?"

"किती भरलीस?"

बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुम्ही म्हणत होतात तेवढीच."

मागच्या सीटवर दोन माणसं एकाच वेळी समाधानाने मागे रेलली.