वाळत घातलेली पाटी

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्यासारखी लाकडी पाटी आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला जमणार नाही. आता गल्लीत दुसरं कुणी पाट्या करतच नाही, हा भाग वेगळा!

मी मूळचा मीटर वाचणारा. उभी हयात लोकांच्या बेल वाजवण्यात गेली. दारावर कुत्र्याची पाटी दिसली की वहीत ‘दार बंद’ असा शेरा मारायचा आणि मुकाट्यानं खाली उतरायचं, हा आमचा शिरस्ता. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि मग लक्षात आलं, की आपली बेल कुणी म्हणजे कुणी वाजवत नाही. मधूनमधून मीच बाहेर जाऊन ती दाबून बघायचो. वाजत होती. घर खायला उठतं म्हणतात, ते खोटं नाही.

म्हणून हा बेत. पाटी हवी तर माणसाला घरी यावं लागेल. लाकूड कुठलं, अक्षर केवढं, यावर बसून बोलावं लागेल. चहा ओघानंच आला. मी अक्षरांचे साचे आणले आणि राउटर आणला. थोरल्या ताईला वाटलं, इंटरनेटचा. तिला फोनवर समजावलं, की हा सुताराचा राउटर. खाली पातं गरगर फिरतं, फळीवर साचा बसवून त्याच्या कडेकडेनं यंत्र फिरवलं की अक्षर कोरलं जातं. ती म्हणाली, बोटं सांभाळ आणि वेळेवर जेवत जा.

यंत्र सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी बेल वाजली! वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या ग्रंथपालबाई. आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या. जन्म वाचनालयाच्या शांततेत गेलेला आणि आता पायाखाली ही घरघर. मी त्यांना खुर्ची पुसून दिली, फळ्या दाखवल्या, साचे दाखवले. एवढं झाल्यावर तक्रार कोण करतो? भिडेखातर त्यांनी एक पाटी सांगितली, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणाल्या.

त्या पाटीत मी जीव ओतला. साच्यांच्या संचात ‘त्र्या’ नव्हता, तो प्लायवूड कापून स्वतः बनवला. शेवटी व्हार्निशचा हात दिला आणि पंचाईत झाली. माझा कारखाना जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे घरभर भुसा. ओल्या व्हार्निशवर तो बसला असता. म्हणून पाटी दाराबाहेरच्या खिळ्याला वाळत घातली. शिवाय जिन्यातून जाणाऱ्यायेणाऱ्याला कारागिरी दिसेल, चार गिऱ्हाइकं येतील, असाही डाव होता. मग दार लावून मी नवी फळी कोरायला घेतली.

झालं भलतंच. कामापुरते जे दोघंतिघं दारापर्यंत येत होते, तेही येईनात. दूधवाला पिशवी तळमजल्यावर ठेवून पसार होऊ लागला. सिलिंडरवाला जिन्याखालून हाक मारायचा. रविवारी मी दोन कप मांडले, बाई आल्या नाहीत. सोमवारीही मांडले. मला वाटलं, आपणच जास्त बोललो. एकट्या माणसाचं असंच होतं, कुणी तावडीत सापडलं की सोडवत नाही.

तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी मात्र जिन्यात आपणहून विषय काढला. फार गुरगुरतो हो तुमचा, म्हणाले. मी समजलो, राउटरबद्दल बोलतायत. कुणीतरी विचारपूस केली म्हणून मी फुलून गेलो.

“चावतो का?” त्यांनी गमतीनं विचारलं असं मला वाटलं.

“एकदा अंगठा फोडला. पण चूक माझी, चालू असताना तोंडापाशी हात नेला.”

“आवरतो तुम्हाला?”

“दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. सागवानाची फळी मिनिटात फाडतो तो!”

काका आल्या पावली दुकानात परत गेले. दुसऱ्या दिवसापासून अख्खी इमारत माझ्या दारावरून चवड्यांवर जाऊ लागली.

उलगडा केला ताईनं. तिचा फोन आला, ती खाली उभी होती.

“आधी तो कुत्रा बांध,” ती म्हणाली.

“कुठला कुत्रा?”

“माझ्यापासून काय लपवतोस? दारावर एवढी पाटी लावलीयस. बेलला हात लावणार, तोच आतून असा गुरगुरला, की वहाणा तिथंच टाकून आले.”

दार उघडून बघितलं. उंबऱ्याबाहेर ताईच्या वहाणा आणि वर माझी पाटी. अशा पाट्यांपासून पळण्यात माझा जन्म गेला, पण हिच्याकडे मी फक्त कारागीर म्हणून बघत होतो. ताई हसून हसून बेजार झाली, चहा प्यायली, अंधार पडायच्या आत गेली.

मग पाटी काढून मी वर गेलो. बाईंनी दार जरासं उघडून आधी माझ्या पायांशी बघितलं. त्या दोनदा येऊन गेल्या होत्या म्हणे. त्यांना वाटलं, मीही कुत्रा आणला आणि त्यांच्यासारखीच पाटी स्वतःसाठी केली; मग यंत्राची घरघरही त्यांना गुरगुर वाटली आणि त्या परत फिरल्या. कुत्र्यांची त्यांना भयंकर भीती.

“मग तुमचा कुत्रा?” मी विचारलं.

“कुत्रा कुठला? एकटी राहते मी. उगाच कुणी बेल वाजवू नये, म्हणून पाटी.”

मी म्हणालो, फार छान. दुसरं काय म्हणणार? माझ्या हातानं त्यांच्या दारावर ती पक्की बसवून दिली. बाई खूश झाल्या. तुम्ही मात्र चहाला या हं, म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं.

तेव्हापासून संध्याकाळी शर्ट बदलून मी वर जातो. कुत्रा नाही, हे मला ठाऊक आहे. आत चहा आहे, हेही ठाऊक आहे. पण बेलपर्यंत हात जायच्या आधी नजर पाटीवर जाते. झकास झालीय हो! ‘त्र्या’ तर बघत राहावा असा. तेवढा बघतो, मनातल्या मनात ‘दार बंद’ असा शेरा मारतो आणि मुकाट्यानं खाली येतो.