भरिताचा वास

चार वाजता मुलगी बघायला जायचं होतं आणि साडेतीनला प्रशील मित्राच्या, समाधानच्या शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी उलटत होता. भरीत पार्टीतून मध्येच उठणं जळगावात असभ्य समजतात. आंघोळीला वेळ उरला नाही, म्हणून समाधानने त्याच्या अंगावर अर्धी बाटली सेंट मारला.

"जाय आता. कोणाला कळायचं नाही."

गुलाबाच्या मळ्यात वांगं जळावं तसा वास घेऊन प्रशील मेहरूणला मुलीच्या घरी निघाला. आधी तीन नकार आले होते. हे स्थळ हातचं गेलं तर घरी येऊ नको, असं आई म्हणाली होती.

दार मुलीच्या, म्हणजे वृषालीच्या आईने, लिलाबाईंनी उघडलं. सोफ्यावर वृषालीचे वडील मोतीलाल शाल पांघरून बसले होते. टायफॉइड उतरून महिना झाला, पण त्यांच्या तोंडाला चव नव्हती. पेज सोडून काही जात नव्हतं. मुलाला विचारायचे अकरा प्रश्न मात्र त्यांनी कागदावर लिहून ठेवले होते.

प्रशील पंख्याखाली बसला.

"नोकरी कायम आहे का?" मोतीलालांनी वाचलं. मग नाक वर केलं. "लिला, भरीत कोठे शे?"

"अहो, पाहुण्यांसमोर काय हे?"

"बठ्ठा घरमा वास शे!" मोतीलाल मूळचे पिंपळनेरचे, हळवे झाले की अहिराणीत शिरायचे. "माय अशीच वांगी भाजायची गं..." त्यांनी डोळे पुसले. "कळण्याच्या भाकरी टाक. भूक लागली."

हे ऐकून लिलाबाईही रडू लागल्या. पोहे आत परत गेले, वांगी गॅसवर चढली. अकरा प्रश्नांच्या कागदात मिरच्यांची देठं गेली. मोतीलाल तीन भाकरी जेवले, दर घासाला प्रशीलकडे थोडे सरकत.

"मुलगा पसंत!"

वृषाली इतका वेळ नाकावर ओढणी धरून खाली बघत होती. लाजतेय, असं सगळे धरून चालले. दोघांना गॅलरीत पाठवलं, तेव्हा तिने सलग सहा वेळा शिंकून घेतलं.

"भाजलेल्या वांग्याचा वास मला सोसत नाही," ती म्हणाली. "बाबा जेवले, तुमचे उपकार. पण डोळ्यांत पाणी आहे, तुम्ही मला अजून दिसलाच नाहीत. उद्या आंघोळ करून याल?"

प्रशीलने एक अख्खा साबण संपवला. दुसऱ्या दिवशी बरोबर चारला बेल वाजवली. दार उघडलं. आत मागे वृषाली दिसली, हसली. पण दारात मोतीलाल होते. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दोनदा हुंगलं आणि विचारलं,

"कोण पाह्यजे, भाऊ?"