उलटं जायचं नाही

श्रीपादकाकांच्या घरात मी एकदा उलटा फिरलो. चूक माझीच. हसू नका; त्या घरात उलटं फिरणं म्हणजे काय, ते आधी ऐका.

काका आमचे शेजारी. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून म्हैसूरची आमची सगळी गल्ली त्यांना मेष्ट्रु म्हणते. घराला रस्त्याकडे दोन दारं, मधे आरपार भिंत, दोन्हीकडे दोन-दोन खोल्या. उजवी बाजू काकांची, डावी धाकट्या भावाची. भाऊ बेंगळुरूला गेला, काकू वारल्या, आणि एक दिवस काकांच्या लक्षात आलं की आपण हृदयातच राहतो.

तेव्हापासून नियम झाला. येणाऱ्यानं उजव्या दारानं यायचं. पहिली खोली, मग दुसरी, मग मागची पडवी. पडवी म्हणजे फुप्फुसं. "अंगभर फिरून काळा पडून आलास, स्वल्प हवा घे," म्हणून तिथं फिल्टर काफी. ताजंतवानं झालं की डावीकडची मागची खोली, तिथनं पुढची, आणि डाव्या दारानं रस्त्यावर. शेवटच्या खोलीत काका पाठीवर सणसणीत थाप मारत. "ही सगळ्यात दणकट खोली कणो! इथनं रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलायचं असतं."

मधल्या दारांना त्यांनी स्प्रिंगा बसवल्या होत्या. माणूस पुढं गेला की दार मागं धप्पकन मिटायचं. "ऐकलंस? छातीत वाजतं ते हेच. झडपा मिटतात. अष्टे, एवढंच!" दारात दोघं बोलत थांबले की ओरडत, "गुठळी होऊ नका, पुढं चला!" गॅसवाला सिलिंडर घेऊन उजवीकडनं आत जायचा तो पाऊण तासानं, मिशीला काफीचा फेस लावून, डावीकडनं बाहेर. दसऱ्यात इकडे घरोघर बाहुल्या मांडतात आणि पोरं बघायला फिरतात; काकांच्या बाहुल्या शेवटच्या खोलीत. सगळं हृदय पार केल्याशिवाय पोरांना चकली नाही. "आज ठोके वाढलेत!" म्हणत काका खुशीत घामाघूम.

आणि मी? मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. बाहेर रिक्षात मेहुणे खोळंबलेले. पहिल्याच खोलीत पत्रिका काकांच्या हातात ठेवली आणि वळलो.

"अय्यो, उलटं नाही कणो! झडप गळते!"

"हृदय कसलं, काका? बंद पडलेलं घर आहे हे."

रिक्षातले हसले. काकाही हसले, जरा उशिरानं.

लग्नाला ते आले. छत्राला, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाला, दारं दोन होती. त्यांनी अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले, आणि आले त्याच दारानं परत गेले.

पुढं डावं दार बंदच दिसू लागलं. काका उजव्या पायरीवर बसून. जो येईल त्याला, "इथंच द्या. इथंच बोला."

गॅसवाल्यानं मला रस्त्यात गाठलं. "मेष्ट्रुंना बरं नाही काय, सार? पायरीवरनंच पाठवलं. काफी पण नाही."

पायरीवरचं काम दोन मिनिटांचं. चार खोल्या आणि एक काफी म्हणजे पाऊण तास कुणीतरी घरात. इतकी वर्षं मी शेजारी राहिलो, त्या दारांना हसलो, आणि हे कधी मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेटगळ्ळीच्या कारखान्यातनं सुटलो तो थेट त्यांच्याकडे.

"काय काम? इथंच बोल," काका म्हणाले.

मी त्यांच्या शेजारनं आत शिरलो. पहिली खोली, धप्. दुसरी, धप्. पडवीत जाऊन खुर्चीत बसलो. मग काफीच्या डब्याचं झाकण वाजलं.

काफी प्यालो. डावीकडच्या दोन्ही खोल्या ओलांडल्या. बाहेरच्या दाराची कडी काकांनी स्वतः काढली. मी उंबऱ्यात थांबलो.

"काका, त्या दिवशी मी..."

"दारात नाही! गुठळी होतोस," म्हणाले, आणि पाठीवर अशी थाप पडली की मी रस्त्यावर.

मग काय करणार? वळसा घातला, उजव्या दारानं पुन्हा आत गेलो, आणि जिथनं उलटा फिरलो होतो त्या पहिल्या खोलीत उभा राहून म्हणालो, "काका, चुकलं माझं."